यादीबाहेरची कॅचर

शाळेचं पत्रक फोनवर आलं तेव्हा प्रमिला क्लिनिकच्या काउंटरवर बसून एका पेशंटच्या अक्कलदाढेसाठी विमा कंपनीची मंजुरी मागत होती. पत्रकात मुलींच्या बेसबॉल टीमच्या नव्या कोचची ओळख होती. फोटो नव्हता. नाव होतं सबा सरखोत, आणि नावाखाली तीन ओळी. महाराष्ट्राच्या संघातून राष्ट्रीय सुवर्णपदक, २००४. संघाची कॅचर. अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी धाव रोखून संघाला विजय मिळवून दिला.

तिसरी ओळ तिनं पुन्हा वाचली. मग फोन पालथा घालून ठेवला आणि फॉर्मवर भलत्याच बाजूच्या दाढेचा नंबर टाकला. विमा कंपनीनं क्लेम तिथल्या तिथे परत पाठवला. अकरा वर्षांत तिचा एकही क्लेम असा परत आला नव्हता.

ती धाव प्रमिलानं रोखली होती.

हे कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. एकोणीस मुली आणि एक सर, एवढ्या वीस जणांना माहीत होतं. त्या विसांच्या बाहेर ते कधी गेलं नव्हतं. नवऱ्याला, सदानंदला, एवढंच ठाऊक होतं की बायको पुण्यात कॉलेजला असताना थोडंफार खेळायची. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं वाकडं बोट बसच्या दारात सापडलं होतं, असं तिनं लग्नाच्या बोलणीतच सासूबाईंना सांगितलं होतं आणि तेच पुढे खरं झालं. ईश्वरीला, तिच्या तेरा वर्षांच्या मुलीला, आई कधीकाळी कशाच्या तरी मागे धावली असेल हे चित्रही डोळ्यांपुढे आणता आलं नसतं.

अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या एका मोठ्या व्हिलाचे मालकानं सहा तुकडे पाडले होते, त्यातल्या मागच्या तुकड्यात हे तिघं राहत. प्रमिलाचं क्लिनिक तिथून चालत दहा मिनिटांवर. पेशंटच्या कागदात काही लपलंय का, हे विमा कंपनीच्या आधी ओळखणं हे तिचं काम. डॉक्टर म्हणायचे, प्रमिलाकडून कागद गेला की समजा मंजूर झाला. तिचा स्वभाव संशयी आहे असं सगळे म्हणायचे, आणि कौतुकानं म्हणायचे. तो संशय ती कुठून शिकली, हे कुणी विचारलं नव्हतं.

शिकली ती राजस्थानातल्या एका गावात, मार्च महिन्यात, एकोणीस वर्षांची असताना.

राष्ट्रीय स्पर्धेसाठी अठरा मुलींची यादी आधीच गेली होती. प्रमिला एकोणिसावी. अनिल सरांनी तिला स्वतःच्या भरवशावर बरोबर घेतलं होतं, सराव देईल, सामान सांभाळेल म्हणून. उपांत्य सामन्यात दुसऱ्या नंबरच्या कॅचरनं बोट मोडून घेतलं. राहिली सबा. म्हसळ्याची, हॉस्टेलमध्ये प्रमिलाच्या समोरच्या खोलीत राहणारी, आणि खरंच चांगली. अंतिम सामन्याच्या सकाळी सबाला एकशे तीन ताप होता. ज्या शाळेच्या वर्गात सगळ्या उतरल्या होत्या तिथे ती बाकांच्या मागे गोधडीत पडली होती आणि ओळखीच्या माणसांना भलत्याच नावांनी हाका मारत होती.

कॅचर होम प्लेटच्या, म्हणजे धाव जिथे पुरी होते त्या जागेच्या, मागे बसते, पिचरचे बॉल झेलते, आणि तिच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. अनिल सरांनी ती जाळी प्रमिलाच्या हातात दिली. सबा टोपीखाली पांढरा स्कार्फ बांधायची. तिच्या उशाचा तो स्कार्फ सरांनी स्वतः उचलला, झटकला, आणि तोही दिला. मग सगळ्यांना गोल उभं केलं. बाकी काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "आज ही सबा आहे." मुलींनी एकेक करून बॉलवर हात ठेवला. शपथ म्हणायला कुणी शब्द शोधले नाहीत.

मैदानावर फोटोग्राफर नव्हता. बातमीदार नव्हता. महाराष्ट्राच्या मुली लागोपाठ तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात आल्या होत्या आणि प्रेक्षक म्हणून गावातली काही रिकामी माणसं भिंतीवर बसली होती. त्या महिन्यात क्रिकेटची टीम पाकिस्तानात होती. देशातल्या सगळ्या पेपरांचे सगळे कॅमेरे तिकडे. आदल्या रात्री मुलींनी यावरून सरांशी भांडण केलं होतं: आपण काय चोरून खेळतो का सर? सकाळी त्याच मुली देवाला हात जोडत होत्या, आजही कुणी येऊ नये म्हणून.

कुणीच आलं नाही. महाराष्ट्र पाच-चारनं जिंकला. पदक घ्यायला सबा सरखोत या नावाची हाक झाली तेव्हा प्रमिला टोपी भुवयांपर्यंत ओढून गेली. पदक अर्धा तास तिच्या गळ्यात होतं. परतीच्या गाडीत तिनं ते सबाच्या उशाशी ठेवलं. सबा जागी होती.

पुढच्या वर्षी अनिल सरांनी प्रमिलाला संघात बोलावलंच नाही. ती भेटायला गेली तर म्हणाले, अभ्यास कर. ती समोर आली की सरांना ती सकाळ आठवत असणार. मग तिनंही खेळ सोडला. आयुष्यात ती राष्ट्रीय स्पर्धेचा एकच सामना खेळली, आणि त्यात तिचं नाव दुसरंच होतं.

आता ते नाव जिचं होतं ती अबुधाबीत आली होती, आणि नावाबरोबर तिनं तो सामनाही आपला म्हणून उचलला होता.

प्रमिलानं घरी काही सांगितलं नाही. पण पहिल्या दिवसापासून ती ईश्वरीला खोदून विचारू लागली. मॅडम काय म्हणाल्या? आपल्या खेळाबद्दल काही सांगतात का? ईश्वरीला या उलटतपासणीचा अर्थ लागेना. आईला आजवर तिच्या गणितापलीकडे कशात रस नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ती आपणहून सांगत आली की मॅमनी फायनलची स्टोरी सांगितली. लेफ्ट फील्डवरून थ्रो आला, मॅमनी झेलला आणि रनर घसरत येत होती तिला टॅग केलं, म्हणजे बॉल अंगाला लावून आउट केलं. "इट वॉज सो कूल, मम्मा."

लेफ्ट, असं प्रमिला मनाशी म्हणाली. जी तिथे नव्हती तिला ते कुठून माहीत असणार?

आणि ईश्वरी कॅचर झाली होती. सबानं पंधरा मुलींतून तिला निवडलं होतं. हेही प्रमिलाला खुपलं. हिला ठाऊक असेल का ही कुणाची मुलगी? ठाऊक असून निवडली असेल तर कशासाठी? लाच म्हणून? की ओलीस?

या सगळ्यात सदानंदची भर पडली. सदानंद एका तेल कंपनीच्या व्हेंडर रजिस्ट्रेशन विभागात होता. माल पुरवायला येणाऱ्या प्रत्येक कंपनीचे कागद त्याच्या टेबलावरून जात, आणि ज्यावर शिक्का नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वात नव्हतं. तर झालं असं, की सबानं हाती घेतल्यावर शाळेची टीम जिंकत सुटली. सलग सात सामने. दुबई सिलिकॉन ओएसिसच्या शाळेला त्यांच्याच मैदानावर हरवून आल्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाळ्या आणि फुलं पडायची, आणि पेपरात मात्र एक ओळ नाही. तिथे फुटबॉल, पॅडेल टेनिस, उंटांची शर्यत. सदानंद रोज सकाळी खेळाचं पान शेवटपर्यंत बघायचा आणि घडी घालून ठेवायचा.

एका शुक्रवारी नाश्त्याला तो म्हणाला, "जिंकतात तर छापून का येत नाही?"

प्रमिला म्हणाली की बेसबॉल इथे कोण बघतं.

"नाही नाही, तसं नाही. मी त्या कोच बाईंचं पण सर्च केलं. नॅशनल गोल्ड मेडल, आणि इंटरनेटवर एक शब्द नाही? नॅशनल आहे बाई, गल्लीतलं नाही. मुंबईत माझा मित्र पेपरात आहे, त्याला बोललो. त्यानं त्या महिन्याचं अख्खं आर्काइव्ह पाहिलं. झीरो." त्यानं पोह्यांवर लिंबू पिळलं. "एकतर टीम खोटी, नाहीतर मेडल खोटं."

प्रमिलानं चमचा ताटलीत ठेवला. तो जे बोलत होता ते तिला स्वतःला त्या बाईच्या तोंडावर फेकायचं होतं, आणि तरी त्याच्या तोंडून ते तिला ऐकवेना. ती म्हणाली, सोडा ना, मुलगी खूश आहे. सदानंदनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कागदांत काही गडबड असली की समोरचा माणूस आधी "सोडा ना" म्हणतो, हा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता.

त्यानं शाळेला मेल केला. फेडरेशनला पण विचारतो, असं वर म्हणाला. फेडरेशन हा शब्द ऐकून प्रमिला ताटली घेऊन आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. फेडरेशनकडे यादी असणार. यादीवरून कुणी नावं काढील, नावांवरून फोन लावील. त्या अठराजणींपैकी पाचजणी क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरीला लागल्या होत्या. ज्योत्स्ना पोलिसात होती, दोघी जिल्हा परिषदेत. गेली काही वर्षं तिकडे प्रमाणपत्रांची पडताळणी जोरात होती. यादीबाहेरची मुलगी अंतिम सामना खेळली, एवढं एक वाक्य बाहेर पडलं की सगळ्यांचंच सोनं पितळ. सबाचं गेलं असतं तर प्रमिलाला वाईट वाटलं नसतं. पण सोनं सुटं सुटं जात नाही, सगळं एकदम जातं.

शाळेनं पुढच्या बुधवारी पालकांना बोलावलं. लायब्ररीत खुर्च्या मांडल्या होत्या. सबा आत आली तेव्हा प्रमिला तिसऱ्या रांगेत सदानंदच्या शेजारी होती. सबा अंगानं भरली होती, डोळ्यांना चष्मा होता, स्कार्फ आता निळा होता. तिनं रांगांवरून नजर फिरवली आणि ती प्रमिलावर येऊन अडकली. किती वेळ, ते प्रमिलाला सांगता आलं नसतं. मग नजर पुढे सरकली, जशी अनोळखी माणसावरून सरकते.

सबानं फाईल उघडली. प्रमाणपत्र, मागे राज्याचा शिक्का, मंत्रालयाचा शिक्का, दूतावासाचा, इथल्या परराष्ट्र खात्याचा. सदानंदनं कागद उजेडात धरला, उलटा केला, नंबर वाचला. प्रमिलाला त्याच्या बोटांखाली ते नाव दिसत होतं. चार शिक्के एकमेकांवर बसले होते आणि त्यांतला प्रत्येक जण सांगत होता की त्या दिवशी सबा सरखोत खेळली.

"परफेक्ट," सदानंद म्हणाला. त्यानं सगळ्यांसमोर माफी मागितली, मनापासून. मग प्रमिलाकडे वळून हळूच म्हणाला, "सगळं जेन्युइन आहे. उगाच शंका घेतली मी."

आता फेडरेशनला विचारायची गरज उरली नव्हती. प्रमिलाला हायसं वाटायला हवं होतं.

पार्किंगमध्ये सदानंद एका पालकाशी बोलत थांबला, तेवढ्यात तिच्या फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. उद्या साडेचार, ग्राउंडमागचं पार्किंग, पांढरी गाडी. एवढंच. नाव नाही. नंबर कुठून मिळाला, याचा तिनं दोन मिनिटं विचार केला आणि मग आठवलं, शाळेच्या फॉर्मवर ईश्वरीच्या आईचा म्हणून तिनंच तो लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी ती गेली. सराव साडेपाचला होता, मैदान रिकामं होतं, पाणी मारणारा माणूस तेवढा नळी ओढत फिरत होता. सबानं गाडीचं दार आतून उघडलं. एसी चालू होता. प्रमिला बसली आणि दोघी समोरच्या काचेतून त्या नळीकडे पाहत राहिल्या.

"नवऱ्याला तूच लावलंस ना माझ्या मागे?" सबानं विचारलं.

"त्याला काही माहीत नाही."

"इतकी वर्षं संसार केलास आणि माहीत नाही?"

"तुझ्या मुश्ताकला माहितीये?" सबाच्या नवऱ्याचं नाव तिनं शाळेच्या ग्रुपवर पाहिलं होतं. 

सबा यावर हसली. वाईट हसली नाही. म्हणाली की लग्नात सासरच्यांनी ते पदक हॉलच्या कपाटात ठेवायला मागून घेतलं होतं, सासऱ्यांना सुनेचं कौतुक. आता कपाटातून काढून काय सांगायचं?

"कपाटात ठेव, नाहीतर गळ्यात घाल. पत्रकात ती ओळ कशाला लिहिलीस?"

"शाळेनं विचारलं, बेस्ट मोमेंट कोणता. तापानं पडले होते असं लिहू?" सबा तिच्याकडे वळली. "आणि एक ऐक, पमी. त्या स्पर्धेत सहा मॅच मी खेळले. सहा. फायनलपर्यंत टीम कुणी नेली? पेपरात एकाही मॅचची ओळ आली असती ना, तर मला तुझी एक मॅच उचलायची गरज पडली नसती. माझ्या सहा कुणालाच सांगता येत नाहीत. कोण ऐकतं क्वार्टर फायनल? सगळे विचारतात, फायनलला काय झालं."

पमी. या नावानं तिला वीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. प्रमिलाला वाटलं, हे मुद्दाम. हे मला मऊ करायला.

"तू उचललीसच," ती म्हणाली. "आणि चुकीची उचललीस."

"म्हणजे?"

प्रमिलानं तोंड काचेकडे फिरवलं. सबा थोडा वेळ स्टिअरिंगवर नख घासत राहिली, मग म्हणाली की ठीक आहे, आज सरावाला मी मुलींना खरं सांगते. ती कॅचर तुमच्या ईश्वरीची आई होती म्हणून. तुझी मुलगी ऐकेल. चालेल?

 प्रमिलाला ईश्वरीचा चेहरा दिसला. आणि लगेच त्याच्यामागून, क्लिनिकमध्ये कागदाची कड जरा वेगळी दिसावी तसं, दुसरं दिसलं: सबाला माहीत आहे की मी हो म्हणणार नाही. पंधरा मुली, पंधरा फोन. उद्या हे रीलवर जाईल, परवा अमरावतीला ज्योत्स्नाच्या साहेबाच्या हातात. ही देते आहे की देऊ करून मोकळी होते आहे?

"बोल की," सबा म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. खोटं बोलणाऱ्याचाही चिरकतो.

"नको," प्रमिला म्हणाली. "पोरींच्या नोकऱ्या आहेत."

"हं." सबानं चष्मा काढून ओढणीच्या टोकानं पुसला. "मला वाटलंच तू हे म्हणशील. पण तू हो म्हणाली असतीस तर मी सांगितलं असतं. वल्ला, अल्लाची शपथ. ते तू मानणार नाहीस, ते मला माहितीये." मग जरा वेळानं, "चुकीची म्हणजे काय? डावीकडून आला ना थ्रो?"

"राइटवरून."

"जयश्री तर लेफ्टला होती. हात तिचाच होता जोरदार."

"जयश्रीला दुपारी सरांनी राइटला हलवलं. तू नव्हतीस." आणि मग प्रमिलाला थांबता आलं नाही. वीस वर्षं जे एका जागी मिटून ठेवलं होतं ते सांगायला जगात एकच माणूस होतं, आणि ते शेजारी बसलं होतं. चोर असेल, पण ऐकायला तेवढंच योग्य. तिनं सांगितलं की शेवटची इनिंग होती, दोन आउट, आपण पाच-चारनं पुढे. समोरच्यांची मुलगी सेकंड बेसवर. फटका राइटला गेला, जयश्रीनं एका टप्प्यावर घेतला आणि फेकला. बॉल जरा उंच आला. मी उभी राहिले, घेतला, आणि खाली वळले तेव्हा ती मुलगी घसरत आली होती. सगळी धूळ. जाळीतून काही दिसत नव्हतं, तुझा स्कार्फ सैल होऊन डोळ्यावर आला होता.

"मी ग्लोव्ह खाली नेला. तिच्या पायाला लागला असं मला वाटलं."

"वाटलं?"

"वाटलं. अंपायर माझ्या पाठीमागे होता. त्याला मी आडवी येत होते. मी बॉल वर करून दाखवला आणि मग त्यानं हात वर केला. आधी मी, मग तो."

पाणी मारणारा माणूस नळी गुंडाळून निघून गेला होता. ओली माती काळी दिसत होती.

"मग ती आउट होती की नाही?" सबानं विचारलं.

"मला माहीत नाही."

"पमी, मी फेडरेशन नाहीये."

"खरंच माहीत नाही. रोज रात्री ग्लोव्ह लागायचा, आणि सकाळी उठले की लागलेला नसायचा. फोटो असता तर कळलं असतं."

"बरं झालं फोटो नव्हता ते," सबा म्हणाली. मग म्हणाली, "आणि मी वीस वर्षं छातीठोक सांगतेय. टॅग केलं म्हणून." ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं तोंडावर हात धरला. प्रमिलाला पहिल्यांदाच वाटलं की या बाईला आपण जे दिलं ते फारसं घेण्यासारखं नव्हतं.

मुलींची बस येताना दिसली तशी प्रमिला उतरली. कुणी कुणाचा निरोप घेतला नाही.

पुढच्या गुरुवारी ईश्वरीला आणायला तीच गेली, सदानंदला उशीर होणार होता म्हणून. मुली नुकत्याच आठवा सामना जिंकल्या होत्या आणि शाळेच्या गेटवर एकमेकींना ढकलत होत्या. ईश्वरी मात्र काही न बोलता गाडीत येऊन बसली. गुडघ्यांची पॅडं काढून तिनं मागच्या सीटवर टाकली. एअरपोर्ट रोडला लागेपर्यंत ती फोनही बघत नव्हती.

"काय गं?"

"नथिंग." मग थोड्या वेळानं, "सबा मॅम चेंज्ड द स्टोरी."

प्रमिलानं वेग कमी केला.

ईश्वरीनं जे सांगितलं ते असं: सामन्यानंतर मुलींनी परत फायनलची स्टोरी मागितली. मॅम म्हणाल्या थ्रो राइटवरून आला. सान्वी म्हणाली, मॅम, लास्ट टाइम तुम्ही लेफ्ट म्हणालात. मॅम म्हणाल्या, तेव्हा चुकलं माझं. आणि मग म्हणाल्या की ती रनर आउट होती की नाही ते त्यांना अजून माहीत नाही, धुळीत काही दिसलं नाही, बॉल दाखवला म्हणून अंपायरनं आउट दिलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

"सान्वी सेज शी वॉज नेव्हर देअर. खऱ्या प्लेयरला लेफ्ट-राइट कसं आठवणार नाही?" ईश्वरीचा आवाज जड झाला होता. त्या बाईवर तिचा जीव होता, म्हणून तर. "अँड इफ शी वॉजन्ट आउट, इट्स फाइव्ह-ऑल. दे डिडन्ट इव्हन विन. पप्पा वॉज राइट. आयॅम गॉना टेल हिम."

पप्पा. म्हणजे पुन्हा मेल. या खेपेला शाळेला नव्हे, फेडरेशनला. प्रमिलाला सगळा रस्ता दिसला, शेवटपर्यंत. आणि त्याच वेळी तिला हेही कळलं की सबानं हे मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम करणारी बाई आपल्याच अंगावर येईल असं करत नाही. सबानं प्रमिलाची मॅच तिच्याकडून ऐकली तशी, शंकेसकट, जशीच्या तशी सांगितली होती. इतकी वर्षं खोटं पचलं आणि खरं सांगितलं त्या दिवशी ती मुलींत खोटी ठरली.

गप्प बसणं सोपं होतं. चार शिक्क्यांची बाई शंकेत लटकली असती आणि यात प्रमिलाचा हात कुणाला दिसला नसता. महिन्याभरापूर्वी तिला हेच हवं होतं.

तिनं गाडी सर्व्हिस लेनला घेतली आणि थांबवली.

"पप्पांना काही सांगू नकोस. त्या खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "बॉल राइटवरूनच आला होता. लेफ्ट फील्डरला दुपारी राइटला हलवलं होतं. आणि धूळ होती. समोरचं दिसत नव्हतं."

ईश्वरी वळली. तिनं आईकडे असं पाहिलं जसं प्रमिला क्लिनिकमध्ये नव्या पेशंटच्या फॉर्मकडे पाहते.

"हाउ वुड यू नो?"

मागून येणाऱ्या टॅक्सीनं हॉर्न दिला आणि बाजूनं निघून गेली.

"मी होते तिथे. सामान सांभाळायला गेले होते टीमबरोबर."

"यू नेव्हर टोल्ड मी."

"तू कधी विचारलं नाहीस."

"सो यू वर प्लेइंग?"

प्रमिलानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.  मुलगी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "बघत होते. अगदी जवळून."

"अँड? वॉज शी आउट?"

"अंपायरनं आउट दिलं," प्रमिला म्हणाली, "आणि सबा मॅडमनी जे सांगितलं ते तसंच झालं. यापेक्षा जास्त तिथे कुणालाच दिसलं नाही."

ईश्वरीनं यावर विचार केला. पटलं की नाही ते तिनं सांगितलं नाही. पण थोड्या वेळानं तिनं फोन काढला, सान्वीचं नाव शोधलं, आणि लिहायला लागली. प्रमिलानं आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, आणि ती काय लिहिते आहे हे न विचारता गाडी रस्त्यावर घेतली.